जंजिऱ्याची पिंपे आणि उलव्याचा विमानतळ

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. नावात मुंबई असली तरी जमीन रायगड जिल्ह्याची, पनवेल तालुक्यातील उलवे परिसराची. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय करणाऱ्या या विमानतळाची ओळख 'देशातील पहिला संपूर्ण डिजिटल विमानतळ' अशी करून देण्यात आली. या विशेषणातील कौतुकाचा भाग बाजूला ठेवला, तर त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच उरतो की प्रवाशाचा चेहरा, त्याचे तिकीट, त्याची पेटी, विमानाचा मार्ग आणि धावपट्टीचा पत्ता यांपैकी प्रत्येक गोष्ट कोठून तरी आलेल्या संदेशावर विश्वास ठेवून पुढे सरकणार. तो संदेश खरा असेल तोवर सारे सुरळीत. खोटा निघाला, किंवा आलाच नाही, तर काय करावयाचे, हा 'सायबर सुरक्षा' या भारदस्त शब्दामागचा साधा प्रश्न आहे.

हा प्रश्न आपल्याकडे संगणकतज्ज्ञांच्या हवाली करून टाकण्याची पद्धत पडली आहे. यंत्रातले दोष त्यांनीच काढावेत, याबद्दल दुमत नाही. पण कोणावर विश्वास ठेवायचा, त्याची खूण कोणती आणि खूणच खोटी असेल तर ते कशावरून ओळखायचे, हे प्रश्न यंत्राहून फार जुने आहेत. आणि रायगडच्या किनाऱ्याइतके ते सातत्याने ज्याच्यापुढे उभे राहिले असे प्रदेश थोडे असतील. या किनाऱ्याच्या गेल्या पाच शतकांच्या इतिहासातून काही प्रसंग निवडून, उलव्याच्या विमानतळाच्या निमित्ताने ते पुन्हा वाचावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पिंपे

मुरूडच्या समुद्रात आज जेथे जंजिऱ्याचा दगडी कोट आहे, तेथे त्याआधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. लुटारूंपासून बचाव व्हावा म्हणून कोळ्यांनी तो बांधला आणि राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. तो निजामशाहीच्या अधिकाऱ्यांना जुमानीनासा झाला, तेव्हा त्याच्या बंदोबस्तासाठी पिरमखानाला पाठविण्यात आले. समुद्रातला कोट सरळ चालून जाऊन मिळणार नाही, हे पिरमखान जाणून होता. त्याने व्यापाऱ्याचा वेष घेतला, गलबते जवळ नांगरली, आश्रय मागितला आणि राम पाटलाला मद्याची पिंपे भेट म्हणून पाठविली. रात्री कोटातील माणसे नशेत असताना पिरमखानाच्या सैनिकांनी कोट घेतला. या कथेचे एकाहून अधिक पाठ आहेत. काहींत पिंपांऐवजी पेट्या येतात आणि पेट्यांतून सैनिक निघतात. परंपरेने सांगितलेली ही गोष्ट आहे, तपशिलाबद्दल आग्रह धरण्याचे कारण नाही. तिचा गाभा मात्र सर्व पाठांत सारखाच आहे: दार आतूनच उघडले गेले, आणि तेही एका नेहमीच्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या व्यवहारासाठी.

संगणकाच्या परिभाषेत उपयुक्त वस्तूचे रूप घेऊन आत शिरणाऱ्या घातक आज्ञावलीला ग्रीक कथेतील लाकडी घोड्यावरून 'ट्रोजन' म्हणतात. नाव ठेवणारा मुरूडचा असता तर त्याला घोड्यासाठी इतक्या दूर जावे लागले नसते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की राम पाटलाला मूर्ख ठरवून ही कथा संपत नाही. समुद्रातला कोट व्यापाऱ्यांशी संबंध तोडून जगू शकत नाही. धान्य, कापड, सरपण, सारे बाहेरूनच यायचे. जो कोट कोणालाच आत घेत नाही तो सुरक्षित असतो, पण उपाशी मरतो. विमानतळाची अवस्था नेमकी हीच आहे. विमान कंपन्या, इंधन पुरविणारे, सामान हाताळणारे, तिकिटांच्या प्रणाली चालविणारे, दुरुस्तीची आज्ञावली पाठविणारे असे किती तरी 'व्यापारी' रोज त्याच्या दारात नांगर टाकून असतात, आणि त्यांच्यावाचून एकही विमान उडत नाही.

दस्तक

ज्याला आत घ्यावेच लागते त्याची पारख कशी करायची, याचे समुद्रावरचे उत्तर म्हणजे परवाना. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरातील व्यापारी जहाजांवर 'कार्ताझ' बाळगण्याची सक्ती केली. जहाजाचे नाव, नाखवा, शस्त्रे, माल, जाण्याचे ठिकाण हे त्यात नोंदलेले असे. चौल-रेवदंड्याला त्यांचे ठाणे होते, तेव्हा या किनाऱ्याने तो कागद दोन शतकांहून अधिक काळ पाहिला. कार्ताझ नसलेले जहाज पकडावे, असा दंडक होता. समुद्र कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने कागद कोणाचा, या प्रश्नावर येऊन ठेपले.

कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय आपल्या बाजूने लावला. मराठ्यांच्या सत्तेखालील पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घेतले पाहिजे, हा त्यांचा दावा होता. इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले. आज त्यावर वेगळे काही सांगण्याची गरज नाही. आमच्या विषयाशी संबंध आहे तो त्यातून उद्भवलेल्या एका बारीक वादाचा. १७१३ साली इंग्रजांशी झालेल्या तहात कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे मान्य केले. पण इंग्रजांचे जहाज म्हणजे कोणते? ज्यावर इंग्रजांचे निशाण आहे ते, ज्याच्याकडे इंग्रजांचा परवाना आहे ते, की ज्याची मालकी आणि ज्यातला माल खरोखर इंग्रजांचा आहे ते? मुंबईकरांच्या परवान्याखाली हिंदी व्यापाऱ्यांचा मालही वाहिला जात असे आणि कान्होजी तो कंपनीचा मानावयास तयार नव्हते. तह मोडला त्यामागे इतर कारणांबरोबर हा वादही होता. पुढे इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर मोहीम काढली. दोन्ही निष्फळ ठरल्या.

कान्होजींची शंका आजच्या भाषेत मांडायची, तर कागद खरा असणे आणि कागद दाखविणारा त्याचा खरा धनी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवेशाचा सांकेतिक शब्द बरोबर आला म्हणून तो देणारा हक्काचा माणूस ठरत नाही. शब्द चोरलेला असू शकतो, उसना दिलेला असू शकतो. २०२१ साली एअर इंडियाने आपल्या प्रवाशांना कळविले, की प्रवासी सेवेची प्रणाली सांभाळणाऱ्या 'सिटा' या बाहेरच्या कंपनीवरील हल्ल्यात जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती उघड झाली आहे. नावे, जन्मतारखा, पारपत्रांचे तपशील, तिकिटे असे सारे त्यात होते, आणि ही माहिती ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ एवढ्या जवळजवळ दहा वर्षांतली होती. सांकेतिक शब्द बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. चेहरा तर त्याहून बदलता येत नाही. चेहऱ्यालाच दस्तक करणाऱ्या 'डिजियात्रे'चे स्वागत करताना हा मुद्दा विसरू नये, असे आम्हांस वाटते.

आतला माणूस

परवाना तपासणाराच फितला, तर सारी तपासणी व्यर्थ. या किनाऱ्याच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत काळा अध्याय हेच सांगतो. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविली गेली. मार्गावर पहारा नव्हता असे नाही. गोंडघर फाट्यापाशी पोलिसांनी मालाची वाहने अडविली होती. लाचेचा सौदा ठरला आणि चांदीच्या विटा तारण ठेवून घेऊन ती सोडून देण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मारली गेली. त्या दिवशीच्या लक्ष्यांत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत होती, आणि सहारच्या विमानतळावर हातबॉम्ब फेकण्यात आले. पुढे न्यायालयात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जण दोषी ठरले.

लाच घेणाऱ्यांनी आपण नेहमीच्या तस्करीकडे डोळेझाक करीत आहोत, अशी स्वतःची समजूत घातली असणे शक्य आहे. सोने-चांदी उतरविण्याची वाट वर्षानुवर्षे तुडवून मळलेली होती. वाट एकदा मळली की तिच्यावरून काय जाईल, हे वाट देणाऱ्याच्या हाती राहत नाही. संगणकाच्या जगातही हेच घडते. सोयीसाठी सोडलेला एखादा आडमार्ग, सर्वांना ठाऊक असलेला एकच सांकेतिक शब्द, 'तेवढ्यापुरती' दिलेली मुभा यांना आरंभी कोणी फितुरी म्हणत नाही. त्यांवरून काय गेले ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

२७ जून २०१७

आता ज्या प्रसंगामुळे हा सारा विषय रूपकाच्या पातळीवरून खाली उतरून उरण तालुक्याच्या जमिनीवर येतो, त्याकडे वळू.

उलव्यापासून काही मैलांवर न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरातील एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी भागीदारीत चालवीत असे. २७ जून २०१७ रोजी त्या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कोणता कंटेनर कोठे आहे, तो कोणाचा, कोणत्या जहाजावर चढायचा, हे सांगणारी वही एकाएकी कोरी झाली. क्रेन जागेवर होत्या, माणसे जागेवर होती, समुद्र शांत होता. तरी काम थांबले. संगणकाविना हाताने जेवढे जमेल तेवढे करणे आणि अडकून पडणाऱ्या वाहनांसाठी जागा शोधणे, एवढेच प्रशासनाच्या हाती राहिले. त्याच दिवशी रॉटरडॅमपासून लॉस एंजेलिसपर्यंत त्या समूहाच्या टर्मिनलांची हीच गत झाली.

हा हल्ला न्हावा-शेव्यावर नव्हता. तो मर्स्कवरही नव्हता. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' नावाच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे ज्याला आपण 'अपडेट' म्हणतो त्यात, हल्लेखोरांनी आपले विष मिसळले होते. नेहमीचा पुरवठादार, नेहमीचे पिंप. ज्यांनी ते विश्वासाने उघडले त्यांच्या जाळ्यांतून ते जगभर पसरले. 'नॉटपेट्या' हे त्याचे नाव. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती; खंडणीखोराचे सोंग घेतलेला तो निव्वळ विध्वंस होता. २०१८ साली अमेरिका आणि ब्रिटनने रशियाच्या लष्कराला त्यासाठी जबाबदार धरले आणि २०२० साली अमेरिकेत रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल झाले.

याच विषाने त्याच दिवशी कीव्हच्या बोरिस्पिल विमानतळालाही गाठले. तेथील संकेतस्थळ आणि उड्डाणांचे फलक कोलमडले. युक्रेनचा विमानतळ आणि उरणचे बंदर एकाच दिवशी एकाच वाराने जखमी झाले, आणि दोहोंना जोडणारा धागा होता कर भरण्याची एक आज्ञावली. कान्होजींच्या काळी शत्रूला निदान खांदेरीपर्यंत यावे लागे. त्याची शिडे दिसत. इतिहासाची उपमा येथे अपुरी पडते हे आम्ही मान्य करतो. ज्याच्यावर नेमच धरलेला नाही त्याच्या छातीत बाण लागावा, असे युद्ध या किनाऱ्याने पूर्वी पाहिलेले नव्हते.

मर्स्क कशी सावरली, ही कथा अनेकांना ठाऊक असेल. सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. पण ज्यावरून ते उभे करायचे, त्या जाळ्याच्या मूळ नोंदवहीच्या प्रती जगभरात एकाच वेळी नष्ट झाल्या होत्या. त्या सर्व प्रती एकमेकींशी सतत जुळवून घेत असत, त्यामुळे एकीवर आलेले संकट सगळ्यांवर आले. एक प्रत तेवढी वाचली, ती घानामधील कचेरीत. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. भारनियमनाने गांजलेल्या महाराष्ट्राने या गोष्टीवर अवश्य हसावे. पण हसून झाल्यावर तिचा अर्थही लावावा. पन्नास प्रती असणे म्हणजे पन्नास साक्षीदार असणे नव्हे. एकमेकांना विचारून साक्ष देणारे पन्नास जण मिळून साक्षीदार एकच. त्यांच्यापासून वेगळा उभा असलेला जो कोणी असेल तो दुसरा.

आकाशातली निशाणे

विमानप्रवासात या 'दुसऱ्या'ची उणीव अलीकडे वारंवार जाणवली आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. हा हल्ला नव्हता, चूक होती. पण वाट तीच, विश्वासू पुरवठादाराच्या पिंपाची. त्या दिवशी भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि लोकांनी त्यांची छायाचित्रे गमतीने एकमेकांना पाठविली. सप्टेंबर २०२५ मध्ये कॉलिन्स एरोस्पेस या कंपनीच्या प्रवासी नोंदणीच्या प्रणालीवर खंडणीखोरांनी हल्ला केला, तेव्हा लंडनचा हीथ्रो, ब्रुसेल्स आणि बर्लिन येथील विमानतळ एकाच वेळी अडखळले. तिन्ही ठिकाणी ती एकच प्रणाली होती. येथेही पुन्हा कागद आणि पेन बाहेर आले.

याहून गंभीर बाब दिशादर्शनाची. विमानाला त्याचे ठिकाण सांगणारा जीपीएसचा संकेत सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून येतो आणि जमिनीवर पोचेतो अत्यंत क्षीण झालेला असतो. त्याहून जोरकस खोटा संकेत जमिनीवरून सोडला, तर विमानातील यंत्र त्यालाच खरा मानू शकते, कारण नागरी वापराच्या जीपीएस संकेतावर सही-शिक्का काहीच नसतो. खोटे निशाण लावलेल्या गलबताचीच ही आकाशातली आवृत्ती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आकाशात असे प्रकार घडले. डिसेंबरच्या आरंभी नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत त्यास दुजोरा दिला आणि असा व्यत्यय कळविला गेलेल्या शहरांत मुंबईचाही उल्लेख केला. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. उपग्रहाचा संकेत भरवशाचा राहिला नाही तरी विमाने उतरविता यावीत, म्हणून जमिनीवरील जुन्या पद्धतीच्या रेडिओ दिशादर्शकांचे किमान जाळे देशात मुद्दाम राखून ठेवलेले आहे. म्हणजे जुने म्हणून ते मोडीत काढले गेले नाही, म्हणून उपयोगी पडले.

किनाऱ्यावरच्या तांडेलाला हे नव्याने सांगावे लागत नाही. दीपगृहाची उघडझाप ठराविक असते आणि नाविकांच्या यादीत नोंदलेली असते, ती त्या दिव्याची सहीच. तरीही केवळ एका दिव्यावर विसंबून खडकाळ पाण्यात कोणी शिरत नाही. डोंगराचा माथा, देवळाचा कळस, पाण्याची खोली आणि भरती-ओहोटी यांची साक्ष काढूनच तो वळण घेतो. खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. त्याच्या आधीही गलबते जात होती आणि नंतरही नाविकांनी डोंगर ओळखणे सोडले नाही.

अलिबागची दोन वर्षे

दुसऱ्या साक्षीदाराचा विचार शास्त्रीय शिस्तीने केल्याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावर आहे, आणि आमच्या मते या लेखातील सर्वांत मोलाचे तेच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात असे. सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद इतकी नेटकी होती, की २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता ठरविताना तिचाच आधार घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाच्या नाजूक काट्यांत खोटी थरथर उमटणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. नोंदी होतच राहिल्या असत्या, पण त्या पृथ्वीच्या की ट्रामच्या, हे सांगता आले नसते.

मूस यांनी जागा निवडली ती सुमारे तीस किलोमीटर दूरच्या अलिबागची. इमारत चुंबकाचा परिणाम न होणाऱ्या साहित्याने बांधली गेली. १९०४ मध्ये तेथे नोंदी सुरू झाल्या, आणि त्यानंतरचे पाऊल महत्त्वाचे आहे. कुलाब्याचे काम लगेच बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले गेले. नवी वेधशाळा जुनीच्या तोडीची सत्य बोलते, अशी खात्री झाल्यावरच जुनीला विश्रांती मिळाली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा अलिबागची मालिका अखंड होती आणि ती पुढेही चालू राहिली. याच परंपरेतून १९७१ साली स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलला, नव्या विमानतळाच्या शेजारातच आहे. हा शेजार निव्वळ योगायोगाचा असला तरी निरर्थक नाही. सौरवादळे उपग्रहांचे संकेत बिघडवितात, आणि विमानाच्या धावपट्टीवर रंगवलेला आकडा ही आजही होकायंत्राने मोजलेली दिशाच असते.

दोन वर्षे दुहेरी खर्च, दुहेरी कर्मचारी, दुहेरी मेहनत. हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर ती उधळपट्टी होती.

काय करावे

येथवरचा इतिहास दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की हा किनारा ज्या प्रसंगांत फसला त्यांत तट फोडला गेला नाही; विश्वासाने उघडलेल्या दारातून संकट आले. दुसरी अशी, की जेथे तो सावरला तेथे पहिल्या साक्षीदारापासून अलिप्त असा दुसरा साक्षीदार हाताशी होता. विमानतळाच्या कामात यांचा अर्थ काय लागतो?

आमच्या मते पहिले काम सवयीचे. हाताने बोर्डिंग पास लिहिणे ही गमतीची गोष्ट मानणे थांबविले पाहिजे. संगणक बंद ठेवून काही तास विमानतळ चालवून पाहण्याचा सराव, आग विझविण्याच्या सरावाइतकाच नियमाने व्हावा. त्यासाठी छापील कोरे कागद, अद्ययावत याद्या आणि ते काम येणारी माणसे लागतात. माणसे ही त्यांतली सर्वांत महाग वस्तू, म्हणून सर्वांत आधी कमी केली जाणारी. ज्या गावांनी या विमानतळासाठी घरे-जमिनी सोडल्या, तेथील तरुणांना सफाई आणि ओझी यांपलीकडचे काम शिकवायचे असेल, तर हे एक काम आहे. संगणकावर पूर्ण भरवसा ठेवून माणूस काढून टाकणे ही काटकसर दिसते. न्हावा-शेव्याने तिची किंमत २०१७ मध्ये मोजली आहे.

दुसरे काम उघडपणाचे. विमान पडले तर चौकशी होते, अहवाल प्रसिद्ध होतो, आणि त्यावरून जगभरचे वैमानिक शिकतात. हवाई प्रवास आज जेवढा सुरक्षित आहे तेवढा तो या रिवाजामुळे झाला आहे. सायबर घटनेला हा रिवाज लागू नाही. २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला सांगावी लागते, हे योग्यच आहे. पण सांगितलेले पुढे लोकांपर्यंत, निदान त्या व्यवसायातल्या इतरांपर्यंत, पोचेलच असे बंधन नाही. हल्लेखोराला उपयोगी पडेल असा तपशील झाकावा. मात्र काय बंद पडले, किती वेळ, आणि कशामुळे सावरले, हे झाकण्याने फक्त कंपनीची अब्रू वाचते. राम पाटलाची फसगत लोकांनी पाचशे वर्षे सांगत ठेवली, म्हणून तर ती आपल्या उपयोगी पडते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दुसरी व्यवस्था राखायची तर तिच्यातूनही चोर शिरू शकतो. हाताने लिहिलेला पास बनावट करणे तर अधिकच सोपे. हे खरे आहे, आणि म्हणूनच दुसरी व्यवस्था पहिलीला पर्याय म्हणून नव्हे, पडताळा म्हणून राखावी. पिंप बाहेरच ठेवून घ्यावे, उघडून पाहावे, मगच आत न्यावे. पुरवठादाराचे अपडेट आधी बाजूच्या संगणकावर चालवून पाहण्याची शहाण्या संस्थांची रीत याहून निराळी नाही. तिला वेळ लागतो, आणि वेळ ही विमानतळावरची सर्वांत दुर्मीळ वस्तू असते. तरीही ट्राम येण्याआधी दोन वर्षे थांबून ताळा पाहणारे लोक याच किनाऱ्यावर होऊन गेले, आणि त्यांच्याजवळ आपल्याहून पैसा खचितच अधिक नव्हता.

उलव्याचा विमानतळ अजून नवा आहे. यंत्रणा बसत आहेत, सवयी पडत आहेत. एकदा पडलेली सवय बदलणे किती कठीण असते, हे दिघी-शेखाडीच्या मळलेल्या वाटेने दाखविलेच आहे. तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची जागा आताच राखून ठेवावी. विमान वाहतूक आणि बंदरे यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जाणकारांनी यात अवश्य भर घालावी.